डोकं हलवू नका

एमआरआय सेंटरमध्ये नोकरी केलेल्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही, ते रोज अपॉइंटमेंट घेऊन येतात. जालन्यात मस्तगडच्या सेंटरात मी टेक्निशियन होतो. मेंदूचं डिफ्युजनचं, म्हणजे लकव्याचा झटका कुठे बसलाय ते दाखवणारं चित्र एकदाच काढलं की धूसर यायचं. म्हणून तेच चित्र चारदा काढायचं आणि कॉम्प्युटरवर चारही एकावर एक ठेवून त्यांचं एक स्वच्छ चित्र करायचं. अट एकच, चारही वेळा डोकं जागचं हलता कामा नये. आणि आमच्या लोकांना नेमकं तेच जमत नसे.

*

जुन्या जालन्यातल्या एक काकू मशीनचा आवाज थांबला की मान वळवून विचारायच्या, "झालं का?" शेवटी मी माइकवरून बजावलं, "काकू, बिलकुल बोलू नका." पुढच्या वेळी त्यांनी नुसत्या मानेनेच विचारलं.

*

एका रिटायर गुरुजींची चारही चित्रं एकमेकांशी जुळेनात. बाहेर आल्यावर गुरुजी समाधानाने म्हणाले, "चार फोटो म्हंजे चारी बाजूंनी लागत असतील. म्हणून मीच दर वेळी थोडं थोडं वळत गेल्तो."

*

आमच्या डॉक्टर मॅडमचा धीर पहिल्या चित्रातच संपायचा. एकदा स्क्रीनकडे बघून ओरडल्या, "किती हलतोय हा पेशंट!"

मी म्हटलं, "पेशंट शांत हाय, मॅडम. तुमचा हलता पाय स्क्रीनच्या टेबलाला लागून राह्यला."

*

आणि वडीगोद्रीचे आबा. सकाळपासून उजवा हात लुळा, बोलणं बंद. झटका कितपत बसलाय ते चित्रावरून कळणार होतं, आणि गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची वेळ निघून चालली होती. मॅडम येरझारा घालत होत्या. माझाही जीव थाऱ्यावर नव्हता.

आबा सारखे पाय झाडायचे. सोबत मुलगा विष्णू होता, पण शेताच्या वाटणीपासून दोन वर्षं बापलेकांचं बोलणं नव्हतं. मी त्यालाच आत पाठवलं. "जल्दी जा अन् पाय धरून ठेव, बराबर."

तीन चित्रं छान आली. चौथं चालू असताना विष्णूने आबांच्या पायांवर डोकं टेकवलं, आणि ते चित्र पार विस्कटलं.

मॅडम भडकल्या, "आता काय झालं?"

"आबांनी आशीर्वादाला हात उचलला, मॅडम. त्यात डोकं हललं."

"कोणता हात?"

मी काचेतून पुन्हा एकदा नीट बघून घेतलं.

"उजवा."