अंगावरचं मीठ

माझ्या थोरल्या नणंदेनं आजवर एकाही माणसाचा चेहरा अख्खा पाहिलेला नाही. नाक कसं आहे, डोळे कसे आहेत, समोरचा हसतोय की रागावलाय, याच्याशी वन्संना काही देणंघेणं नसतं. त्यांची नजर थेट डोळ्यांच्या खाली जाते, तिथून गालावर उतरते, नाकाच्या शेंड्यावर थांबते, आणि कुठं रव्याएवढा पांढरा दाणा दिसला की ते माणूस त्यांच्या कायमचं लक्षात राहतं. नावं त्या विसरतात. "ती गो, उजव्या पापणीखाली दोन हायत ती," एवढ्यावरून आम्ही घरातल्या बायका माणूस ओळखायला शिकलो आहोत. कामोठे गावाच्या चारी बाजूंना आता सेक्टर झाले, क्लास झाले, दुकानं झाली, तरी निम्मी वस्ती वन्संना अशी दाण्यांवरून पाठ आहे. रिक्षात बसल्या की आधी पुढच्या आरशात रिक्षावाल्याचं तोंड बघतात. एकदा मी सोबत होते. सिग्नलला रिक्षा थांबली तशा त्या पुढे वाकून म्हणाल्या, "भाऊ, सुकट कमी खा. डोल्याखाली वर आलंय." तो माणूस उत्तरेकडचा, गळ्यात तुळशीची माळ. त्याला काही कळलं नाही. वन्संनी हिंदी केलं, "मच्छी कम, मच्छी." तो म्हणाला, "माताजी, हम तो प्याज भी नहीं खाते." वन्सं मागे टेकल्या आणि माझ्या कानात म्हणाल्या, "खोटं बोलतो."

वर आलंय म्हणजे मीठ वर आलंय. वन्संच्या मते ते दाणे मिठाचेच असतात. त्यांच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, खाडीच्या कडेला मिठागर होतं आणि वन्संचं लहानपण तिथं पाट्या उचलण्यात गेलं. खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हानं ते आटू द्यायचं, आणि एके सकाळी पाहावं तर तळाशी पांढरे दाणे बसलेले. ते वेळेत ओढून काढले नाहीत तर चिखलाला धरतात आणि मीठ वाया जातं. वन्संनी हेच सगळं माणसाला लावलं. "अंगात पाणी हाय का नाय? पाण्यात मीठ हाय का नाय? वरून ऊन लागतं का नाय? मंग वर काय येल, साखर?" त्या मिठागरावर आता इमारती उभ्या आहेत आणि वन्संचा मुलगा, माझा भाचा, त्यातल्याच एका इमारतीत दुकान चालवतो. एकदा मी धीर करून विचारलं होतं, "वन्सं, तो दाणा खारट लागतो का हो?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी भांडी घासायला निघून गेले. मागून आवाज आला, "तोंडात घालायची वस्तू हाय काय ती? काय पन विचारते."

मला बघायला आले तेव्हा बाकीच्यांनी स्वयंपाकाचं विचारलं, शाळेचं विचारलं. चौथी म्हटल्यावर शाळेचा विषय तिथंच संपला. मग वन्सं उठल्या, माझी हनुवटी धरली आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. माझ्या डोळ्यांखाली लहानपणापासून चार-पाच दाणे. माझ्या आईनं पदराचं टोक हातात घट्ट धरलेलं मला दिसत होतं. वन्संनी निकाल दिला, "मीठ हाय. पन बारीक हाय. पोरगी चांगली हाय." लग्न ठरलं. पुढे कळलं की डोळ्यांखाली मीठ असलेली बाई कमी बोलते असं त्यांचं मत होतं, आणि मी घरात आल्यापासून त्या पुरावा म्हणून मला दाखवतात.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी मला मागच्या दारी पाटावर बसवलं. सुई गॅसवर धरली, पदराला पुसली आणि माझ्या डोळ्याखाली टेकवली. "हलू नको गो. डोला माजा नाय, तुजा हाय." दोन दाणे निघाले. भिजवलेल्या साबुदाण्याच्या कणीसारखे, पण टणक. वन्संनी ते तळहातावर घेऊन घरभर दाखवले, "बघा, खडा." सासऱ्यांनासुद्धा चष्मा लावायला लावला. तिसरी जागा मात्र चिघळली आणि डाव्या डोळ्याखाली खळगी राहिली ती राहिलीच. बऱ्याच वर्षांनी मुलीच्या पुरळासाठी मी नवीन पनवेलला एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी मुलीआधी माझ्याच तोंडाकडे पाहिलं. "हे कोणी टोचलं?" मी म्हटलं, नणंदेनं. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग नीट समजावलं. आपली कातडी रोज जुनी होऊन झडते. कधी त्यातला कण बाहेर न पडता आतच अडकतो, वर पातळ पापुद्रा धरतो, आणि पांढरा कडक दाणा तयार होतो. पू नसतो, चरबी नसते, कसलाही त्रास नसतो. दाबून तो निघत नाही. बरेचसे आपोआप जातात. फारच खुपत असतील तर डॉक्टर स्वच्छ सुईनं काढतात. घरी टोचायचं नाही आणि डोळ्यांभोवती जाड तेलकट क्रीम थापायचं नाही. मी घरी येऊन हे सगळं जसंच्या तसं वन्संना सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिच्या तोंडाव होते काय?" नव्हते, मी म्हटलं. "मंग तिला काय म्हायती."

एक फजिती मात्र त्यांच्या मनाला लागली. गल्लीतल्या एका मुलाच्या पोटावर दाणे उठले होते. मोत्यासारखे चकचकीत आणि मध्ये बारीकशी खळी. वन्संना ते मीठच वाटलं. त्यांनी दाबले. त्याच बोटांनी त्याच्या बहिणीचे पाहिले, शेजारच्या घरातल्या मुलाचे पाहिले. महिन्या-दीड महिन्यात गल्लीतली सगळी लहान मुलं खाजवायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं की हा वेगळा आजार, हातानं आणि टॉवेलनं पसरणारा, पांढरं दिसलं म्हणून सगळं एक नसतं. कुणी वन्संना तोंडावर काही बोललं नाही, पण मुलांना त्यांच्या ओट्यावर पाठवायचं बंद झालं. "मीठ पसरतंच," असं त्या एकदा पुटपुटल्या, पण त्यात जोर नव्हता. त्या आठवड्यात सगळ्या सुया पत्र्याच्या डबीत घालून त्यांनी खाडीत टाकायला लावल्या.

राहिलं फक्त बाळांना न्हाऊ घालणं. ते त्यांचं मोठं काम. गावात मूल जन्मलं की पहिले काही दिवस आंघोळीला वन्सं. पाय लांब करून पाटावर बसायचं, बाळ पायांवर आडवं, शेजारी कोमट पाणी, आणि वाटीत दूध-हळदीत मळलेली पिठाची गोळी. ताज्या बाळांच्या नाकावर, गालांवर पांढऱ्या बारीक दाण्यांची पखरण असतेच. वन्सं ती गोळी नाकावरून अशी काही फिरवायच्या, की बाळाची आई श्वास रोखून बघत राहायची. बाळ आकाशपाताळ एक करायचं. "रड, रड, मीठ सुटतंय," वन्सं म्हणायच्या. आईला सुकी मासळी बंद. काही आठवड्यांनी नाक साफ व्हायचं आणि बाई पेढे घेऊन यायची. "मावशी, तुमच्या हाताला गुण आहे." वन्सं नुसता पेढा खायच्या. पण ओट्यावरून जाणारी मोठी मोठी मुलं दिसली की मला सांगायच्या, "ह्याचं नाक बघ. मी साफ केलंय."

भाच्याचं लग्न उशिरा झालं. सून खारघरची, नोकरी करणारी, आवाज हळू, पण सांगितलेलं न बदलणारी. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच करायचं ठरलं, आणि वन्संनी सातव्या महिन्यातच पाट धुऊन उन्हात ठेवला. मुलगी झाली. मी दवाखान्यात पाहायला गेले तेव्हा वन्सं पाळण्याशी वाकल्या होत्या आणि त्यांचं तोंड फुललं होतं. "काय मीठ हाय गो पोरीला. नाक बघ, हनवटी बघ. मिठागरवाल्याची पनती हाय." जणू दागिने घालूनच आली होती.

घरी आणल्यावर पहिल्या आंघोळीच्या सकाळी सुनेनं गोळीची वाटी पाहिली. ती म्हणाली, "आई, आंघोळ तुम्हीच घालायची. मला तर धरताही येत नाही तिला. फक्त तोंडाला काही लावायचं नाही. नुसतं पाणी."

"आन् हे दाणे?"

"डॉक्टर म्हणाले, बाळांचे आपोआप जातात. घासलं तर कातडी सोलते."

"आवघ्या गावाची पोरं न्हाणली मी. कुनाची सोलली?"

सून हळूच म्हणाली, "गल्लीतल्या मुलांचं मला यांनी सांगितलंय, आई."

वन्सं उठल्या. पिठाची वाटी स्टीलच्या डब्यात घातली, रिक्षा केली आणि खांदा कॉलनीत, आम्ही वेगळं घर केलं होतं तिथं, माझ्या दारात आल्या. डबा माझ्या गॅसच्या ओट्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "तोंड सोडून पोर न्हाणायचं म्हंजे पानी आगरात घ्यायचं आन् मीठ ओढायचं नाय. मी नाय करनार." त्या माझ्याकडे राहिल्या. जेवायच्या, टीव्ही लावायच्या आणि त्यातल्या बायकांच्या डोळ्यांखाली बघायच्या. "हिनं पावडर थापलीय, काय कलत नाय." रोज सकाळी आंघोळीच्या वेळेला मात्र त्या गॅलरीत जाऊन कामोठ्याच्या दिशेला तोंड करून उभ्या राहायच्या. मला समजूत घालता येत नाही, चारचौघांत तर नाहीच, म्हणून मी चहा देत राहिले. मग एके सकाळी भाच्याचा फोन आला. त्याला त्याच्या दुकानातलं काहीतरी विचारायचं होतं, पण मागून बाळाचं रडणं ऐकू आलं. वन्संनी विचारलं, "कोन न्हाणतंय तिला?" तो म्हणाला, "मीच. मोबाईल समोर ठेवतो, त्यात बघून बघून." वन्संनी फोन माझ्या हातात दिला आणि चपला घातल्या. डबा त्या माझ्याकडेच ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम कामोठ्याला गेले. वन्सं पाटावर बसल्या होत्या, बाळ पायांवर. सून दाराला टेकून उभी. वन्संनी पाय धुतले, पोट धुतलं, पालथं करून पाठ धुतली. मग ओंजळीत पाणी घेऊन कपाळावरून सोडलं. उजव्या हाताचा अंगठा आपोआप नाकाकडे निघाला, नाकाजवळ थांबला आणि मागे आला. असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी वन्संनी अंगठा मुठीत धरला आणि डाव्या हातानं टॉवेल ओढला. सुनेनं पुढे होऊन बाळ घेतलं आणि "उद्या मी पाणी ओतते, आई," एवढंच म्हणाली.

तसंच रोज चाललं. वन्सं मला फोनवर बातमी द्यायच्या. हनुवटीवरचे हायत. नाकावरचे हायत. डावीकडचे कमी दिसतात, पण उजेड कमी होता. मग एकदा फोनच आला नाही, म्हणून मीच गेले. बाळ झोपलं होतं. नाक स्वच्छ होतं, हनुवटी स्वच्छ होती. सून हसत होती, भाचा फोटो काढत होता. वन्सं स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी शेजारी बसले. दोन मुठी निवडून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आपन काय नाय केलं. पानी घातलं फक्त. तरी गेलं."

मी मान हलवली.

"मंग त्या सगल्यांचं?"

कोणाचं, हे मला विचारावं लागलं नाही. ओट्यावरून जाणारी ती सगळी मोठी मुलं, त्यातली काही आता बापमाणसं झालेली. त्यांची सगळ्यांची नाकं वन्सं ताटातल्या तांदळात बघत होत्या. माझ्या तोंडून जे आलं ते असं, "आंघोळ तर तुमीच घातली ना, वन्सं. कुनी पडलं नाय, कुनी बुडलं नाय." त्यांनी एक खडा वेचून बाजूला ठेवला. "ते तर कुनीपन घालतं," त्या म्हणाल्या.

पुढे बरेच दिवस त्या लोकांच्या तोंडाकडे बघायच्याच बंद झाल्या. माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघायच्या. मला ते नको वाटायचं. इतकी वर्षं डोळ्यांखाली बघून घ्यायची सवय झाली होती.

परवा मी तिकडे गेले होते. सेक्टरातली कुणी एक नवी आई बाळाला दुपट्यात गुंडाळून आली. नाकावर नुसती पखरण. तिनं कुणाकडून तरी वन्संचं नाव ऐकलं होतं. "मावशी, तुम्ही घालवता म्हणे. घासून द्या ना जरा." वन्संनी बाळ मांडीवर घेतलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "घासायचं नाय. काय लावायचं नाय. तेल नाय, पीठ नाय, क्रीम नाय. रोज पान्यानं न्हाण, आन् सकालच्या उन्हात हिकडं माज्याकडं घेऊन ये. मी बघीन."

ती बाई समाधानानं गेली. आता ती रोज येते. वन्सं ओट्यावर बसून बाळाचं तोंड बघतात, कुठला दाणा कमी झाला ते तिला बोटानं, हात न लावता, दाखवतात. मी म्हटलं, "वन्सं, जायचे ते जाणारच. मग तिला रोज कशाला चालवता?"

त्यांनी खूप दिवसांनी माझ्या डोळ्यांखाली पाहिलं. म्हणाल्या, "घरात एकटी असती गो ती. तिलापन कुनीतरी बघाया नको काय?"