तीन थरांना तीनतारी

तुम्ही कधी वाढदिवसाचा केक कापायला शेजारणीकडून कोयता मागवला आहे का? मी मागवलाय. हसू नका. आधी सगळं ऐकून घ्या, मग हवं तेवढं हसा.

आमच्या निखिलच्या लग्नाला चार महिने झाले होते. सून सायली, गुणी पोरगी. तिचा आमच्या घरातला हा पहिला वाढदिवस. तिला आवडतो बटरस्कॉच केक, आणि तोही आईच्या हातचा. कारण तिची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई मृदुलाताई, दादरला घरी केकचे क्लास घेतात. बायका लांबलांबून शिकायला येतात.

त्यांचा फोन आला, "सुनंदाताई, केक मी करून आणते हं."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "छे हो, तुम्ही नुसत्या या. केक मी करतेय. घरीच. थरांचा."

फोन ठेवला आणि जीभ चावली. मी जन्मात केक केला नव्हता. पण आता मागे कसं फिरायचं? सासरी आल्यावर आपल्याला साधा आवडीचा केक मिळाला नाही, असं पोरीला वाटायला नको. आणि विहीणबाईंना तर अजिबातच वाटायला नको.

मोबाईलवर एका मुलीचा व्हिडिओ तीन वेळा बघितला. कुकरच्या तळाला मीठ घातलं, झाकणाची रिंग आणि शिट्टी काढली, आत केकचा डबा ठेवला. आणि काय सांगू, केक पहिल्याच फटक्यात फुलला. इतका मऊ, की दाबला तर स्वतःच वर यायचा. दोऱ्यानं त्याचे आडवे तीन थर कापले, तेही सरळ आले. इथेच थांबले असते तर आज तुमच्यासमोर हे सांगत बसले नसते.

पुढे त्या व्हिडिओतल्या मुलीनं काय केलं, तर वाटीभर पाण्यात साखर ढवळली आणि ते पाणी थरांवर शिंपडलं. बस. ना गॅसवर ठेवलं, ना तार बघितली. मला तिची दयाच आली. म्हटलं, बिचारीला पाक येत नाही. कोणी शिकवलाच नसेल. आणि इथे मी, तीस वर्षं दिवाळीला रव्याचे लाडू करणारी. आमच्या भोईवाड्याच्या चाळीत पाकाच्या बाबतीत माझ्या शब्दाला मान आहे. चार घरच्या बायका पातेलं धरून माझ्याकडे तार दाखवायला येतात.

तेव्हा मी रीतसर पाक केला. आता किती तारी करायचा? लाडवाला एकतारी, फार तर दोनतारी. पण इथे तर तीन थर. म्हणून तीनतारी.

मला सांगा, त्या क्षणी यात चूक काय दिसणार होती?

गरम पाक पहिल्या थरावर ओतला, केकनं तो घटाघटा पिऊन टाकला. दुसऱ्यानं तसंच, तिसऱ्यानं तसंच. एवढ्यात शेजारच्या परब वहिनी डोकावल्या.

"गो सुनंदा, ह्यो सुको दिसता."

"पाक घातलाय वहिनी."

"कमी पडलो. घाल आणखी. पावण्यांच्या घशात अडकाक नको."

मी आणखी एक वाटी घातली. मग दोघींनी मिळून थरांमध्ये आणि वरून क्रीम लावलं. साखर, लोणी आणि काजूचा तो कुरकुरीत बटरस्कॉच चुरा भुरभुरवला. फ्रीजमध्ये ठेवताना केक असा दिसत होता, की परब वहिनींनी मीठमोहऱ्या घेऊन त्याची दृष्ट काढली. हो, केकची.

संध्याकाळी मृदुलाताई आल्या. केक चारी बाजूंनी बघितला. "फिनिशिंग सुरेख आलंय हं," म्हणाल्या. मी तिथल्या तिथे दोन बोटं वाढले. सायली तर नुसती केककडेच बघत होती.

तिनं सुरी धरली, आम्ही टाळ्या सुरू केल्या. सुरी क्रीममध्ये सर्रकन उतरली आणि आवाज आला, टक्.

तिनं पुन्हा दाबली. टक्.

"आई, ताट लागलं का?"

"ताट अजून चार बोटं खाली आहे गं," मी म्हणाले.

आमचे हे वाकून बघायला लागले. "आत पुठ्ठा राहिला काय तुझा?"

"फ्रीजमधून आत्ता काढलाय ना," मी म्हटलं. "थंडीनं आखडलाय. जरा वेळानं मऊ होईल."

जरा वेळानं पुन्हा टाळ्या. निखिलनं जोर लावला, तर सुरी वाकली. मग तो सायलीचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन आला आणि केकला गरम हवा द्यायला लागला. केक होता तसाच राहिला, क्रीम मात्र हळूहळू खाली उतरलं. आतला केक उघडा पडला. पांढरा, चकचकीत, देवळाच्या पायरीसारखा.

मृदुलाताई खाली उतरलेलं क्रीम बघत होत्या. मला वाटत होतं, काहीतरी बोला हो बाई, हवं तर लागेल असं बोला.

शेवटी मीच परब वहिनींना हाक मारली आणि कोयता मागितला. त्या पदर खोचूनच आल्या. "बाजूक व्हा सगळी." मी केकखाली पोळपाट सरकवला. त्यांनी एकच घाव घातला. पोळपाटाचा पाय मोडला. केकचा टवकासुद्धा उडाला नाही.

खालच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "काय फुटलं हो?"

"अजून काही नाही," हे म्हणाले.

आता मात्र मृदुलाताई पुढे झाल्या. केकवर नखानं टकटक केलं, डॉक्टर छातीवर करतात तसं.

"सुनंदाताई, स्पंजला काय लावलंत?"

"पाक."

"कसला?"

"तीनतारी."

"का?"

"तीन थर आहेत ना."

मग मृदुलाताईंनी तोंडावर रुमाल धरला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. सायली हसत हसत खालीच बसली. परब वहिनी कोयता घेऊन विचारत होत्या, "आणखी एक घालू काय?"

शेवटी सगळ्यांनी चमच्यानं क्रीम आणि चुरा खरवडून खाल्ला. भिंतीचे पोपडे काढावेत तसा. चुरा खरंच छान झाला होता, पण ते सांगायची सोय राहिली नव्हती. सायली माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आई, माझ्या केकसाठी एवढी माणसं कधी राबली नव्हती हो." मी पदरानं डोळे पुसले. ते हसून आलेलं पाणी की दुसरं काही, मला विचारू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मृदुलाताईंचा फोन आला. म्हणाल्या, "अकराची बॅच आहे. केक शिल्लक असेल तर फोटो पाठवाल का? स्पंजला काय लावू नये, ते मुलींना दाखवायचंय." केक अख्खाच शिल्लक होता. मी दोन फोटो पाठवले, एक समोरून आणि एक बाजूनं, म्हणजे तिन्ही थर नीट दिसावेत.