फरजानाचा टाका

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणून असेल.

तिचं नाव फरजाना. मिरजगावची. पॉलिटेक्निकला आम्ही एका बाकावर बसायचो आणि पुढे नागापूरला, एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात एकत्रच लागलो. मोठ्यानं बोलणारी, हसताना शेजारच्याच्या पाठीत धपाटा घालणारी बाई. माझ्या बाळंतपणात आई पोचायच्या आधी दवाखान्यात ती हजर होती, आणि डॉक्टरांनाच हुकूम सोडत होती. अशी माणसं आयुष्यात किती भेटतात?

कारखान्यात दूध तपासायच्या यंत्रांचे बोर्ड बनतात. बोर्डाची आखणी माझ्याकडे. त्यावरच्या चिपांचं सोल्डरिंग तेव्हा फरजाना करायची. केसाएवढ्या पायांना भिंगाखाली असे एकसारखे टाके द्यायची, की मी हातातलं काम सोडून बघत उभी राहायचे.

एका उन्हाळ्यात नव्या बोर्डांची पहिली खेप निघाली. सकाळी बोर्ड शहाण्यासारखे चालायचे. दुपारी पत्र्याची शेड तापली, की पडद्यावरचे आकडे काहीच्या बाही यायला लागायचे. चिपवर बोट टेकवलं की परत ठीक. बोट लावल्यावर सुधारतं म्हणजे काय? टाका कच्चा. आमचे मालक — त्यांना आम्ही सर म्हणतो — त्यांनी तेच म्हटलं. कुणीही तेच म्हटलं असतं.

मला मात्र वेगळीच शंका होती.

सांगते, अवघड नाही. बोर्डावर एक चिप आकडा पुढे करते, दुसरी तो उचलते. कधी उचलायचा, ते क्लॉकचा ठोका सांगतो. स्लॅब टाकताना घमेली हातोहात जातात ना, तसंच. समोरच्यानं घमेलं पुरतं पुढे करायच्या आत हात घातला, तर माल सांडतो. म्हणून तो ठोका किंचित पुढे-मागे सरकवून नेमक्या जागी आणावा लागतो. त्याला फेज जुळवणं म्हणतात. ते काम माझं होतं — आणि मी ते केलं नव्हतं. जुन्या बोर्डाची जुळणी उचलून तशीच नव्यावर ठेवली होती. नव्या बोर्डावर क्लॉकची वाट लांबली होती, हे मलाच तर माहीत होतं. ठोका अगदी काठावर पडत होता. बोर्ड तापला की काठाबाहेर. बोटाच्या स्पर्शानं तो जरासा सरकायचा, आणि टाका दाबून बसल्यासारखं वाटायचं.

त्याच दुपारी मी तपासून पाहिलं. चूक माझी होती, हे तिथंच कळलं. सांगायला कितीसा वेळ लागला असता? पण मी गप्प बसले. कारणं होती माझ्याजवळ. ती इथं सांगत नाही.

फरजाना सगळे बोर्ड परत भिंगाखाली घेऊन बसली. डोळ्यांतून पाणी यायचं, ओढणीनं पुसायची, परत वाकायची. मी तिला चहा नेऊन दिला. हो — चहा नेऊन दिला.

"वैशे, असं कसं झालं गं माझ्याकडनं?" तिनं विचारलं.

"होतं कधी कधी," मी म्हणाले.

तिचे टाके पुरे होत आले, तेव्हा मी माझ्या टेबलावर बसून फेज सरकवली. बोर्डांत प्रोग्राम परत का भरतेय असं सरांनी विचारलं, तर सांगितलं, पडद्यावरचा एक शब्द चुकला होता, तो दुरुस्त केलाय. बोर्ड भर दुपारीही नीट चालले. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, मन लावून केलं की होतं." फरजानानं मान खाली घातली. मीही घातली — ती पाहून कुणाला काय वाटलं असेल?

त्यानंतर भिंगाखाली बसली की ती दिलेला टाका उकलून परत परत द्यायला लागायची. काही दिवसांनी तिनं स्वतःहून स्टोअरचं काम मागून घेतलं. आजही ती तिथंच आहे. सुट्या भागांचे डबे लावते, जाईल येईल त्याची फिरकी घेते. माझ्यासाठी ईदला शीरखुर्म्याचा डबा वेगळा काढते, कारण मला खारीक जास्त लागते.

गेल्या वर्षी तिची मुलगी सानिया दहावी झाली. मी भेटायला गेले, तर घरात वाद चाललेला. सानियाला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायचा होता आणि फरजाना नको म्हणत होती. "लई बारीक काम असतंय ते," ती मला म्हणाली, "आन् हिचे हात माझ्यावर गेलेत. माझ्यासारखं व्हायला नको पोरीचं."

तेव्हा सांगायचं होतं. तोंडाशी आलेलं होतं. पोर माझ्याकडं बघत होती. मी एवढंच म्हणाले, "शिकू दे तिला. जमेल."

फरजानानं एकदा लेकीच्या हातांकडं पाहिलं. मग म्हणाली, "तू म्हणतीस ना? मग घालते."

सानिया आता पहिल्या वर्षाला आहे. तिचं सोल्डरिंग चांगलं आहे, असं तिच्या मॅडम म्हणतात. फरजाना येईल त्याला सांगते, "वैशीमुळं झालं हे. माझं काही खरं नव्हतं." पोर पहिल्या सत्रात पास झाली म्हणून परवा कारखान्यात पेढे वाटले तिनं. पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला, आणि सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात पडली.

मी तो पेढा खाल्ला.