सिंथेटिक म्हणजे लुगडं नव्हे

आमच्या घरात 'सिंथेटिक' हा शब्द फार आधीपासून बदनाम होता. त्याचं कारण माझी एक साडी.

लग्नानंतरच्या एका दिवाळीला ह्यांनी नागपूरच्या महाल भागातल्या दुकानातून मला गुलाबी सिंथेटिक साडी आणली. धुतली की तासाभरात वाळायची, इस्त्री नको, काही नको. मी तर तिच्यावर खूशच होते. एक दिवस तीच नेसून चुलीपुढं भाकरी करत बसले. चुलीतल्या काडीतून ठिणगी उडाली आणि पदरावर पडली. सुती लुगडं असतं तर भोक पडलं असतं, झटकलं असतं, संपलं. हे कापड पेटलं नाही, आकसलं आणि पाकासारखं वितळून मनगटाला चिकटलं. सासूबाईंनी घागरीतलं पाणी ओतलं माझ्या हातावर, आणि पाठोपाठ तोंडाचा पट्टाही सुरू केला. डाग अजून आहे मनगटावर, जुन्या दहा पैशाएवढा. त्या दिवसापासून घरात कायदा झाला, की सिंथेटिक चुलीपाशी न्यायचं नाही.

सासूबाईंना आम्ही सगळे 'बाई' म्हणायचो. बाईंनी एकदा कायदा केला की तो मोडायची हिंमत ह्यांच्यातही नव्हती, मग माझी कुठली?

आमचं शेत नागपूरच्या दक्षिणेला, आज जिथं मिहान प्रकल्प झालाय त्याच्या अलीकडे. संत्र्याची बाग, थोडी पऱ्हाटी म्हणजे कापूस, थोडी तूर. विहिरीवर डिझेल इंजिन होतं, हँडल मारून सुरू करायचं, पाच हॉर्सपॉवरचं. वीज आमच्या शिवारात तेव्हा आली होती असं म्हणायचं, एवढंच. खांब उभे होते, त्यांवर कावळे बसायचे. बाग जगायची ती त्या इंजिनावर. त्याचा टुक-टुक आवाज घरापर्यंत यायचा आणि तो येतो आहे तोवर आम्ही आपापल्या कामात असायचो. थांबला की हातातलं काम टाकून सगळ्यांच्या माना विहिरीकडे.

माझे धाकटे दीर तेव्हा आखातात होते. कुठल्या देशात ते मला कधीच नीट कळलं नाही, आम्ही आपलं दुबईच म्हणायचो. तिकडे मोठमोठ्या जनरेटरवर कामाला होते. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. त्या उन्हाळ्यात त्यांच्या बरोबरचा एक माणूस सुटीवर नागपूरला आला आणि आमच्याकडचं दूध शहरात नेणाऱ्या दूधवाल्याजवळ त्यानं निरोप धाडला.

दूधवाला अंगणातूनच ओरडला, "वैनी, तुमच्या देरानं दुबईहून सिंथेटिक पाठवलं म्हणे! घेऊन जा म्हणते तो मानूस."

आता दुबईचं सिंथेटिक! माझ्या डोळ्यांपुढं काय काय रंग आले असतील सांगा. माझ्या भाचीचं लग्न तोंडावर आलेलं. मी मनातल्या मनात ब्लाऊजसुद्धा शिवायला टाकला.

बाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आनू दे. पन चुलीपाशी नेसशीन तं पाह्य."

हे सायकलवर गेले आणि संध्याकाळच्या आत परत आले. मागच्या कॅरिअरला सुतळीनं बांधलेला एक डबा. चौकोनी, निळा, वर इंग्रजी अक्षरं.

"साडी कुठंय?" मी विचारलं.

"कोनती साडी?"

"सिंथेटिक!"

"हेच ते. तेल होय. इंजिनात टाकाचं. तिकडच्या मोठ्या इंजिनात हेच टाकतात म्हने." हे इतके खुशीत होते की माझ्या तोंडाकडे पाहायची त्यांना गरज वाटली नाही.

मी घरात जाऊन जरा भांडी आपटली. पण आपटून आपटून किती आपटणार? खरी लढाई अंगणात जुंपली होती.

बाई म्हणाल्या, "सिंथेटिक आन् इंजिनात? डोकं ठिकाणावर हाये काय गा तुह्यं?"

"काहून? काय झालं?"

"अरे, नुसत्या ठिनगीनं त्या पोरीच्या हातावर वितळलं ते. इंजिन तं चुलीपेक्षा गरम. आतमधी जाऊन चिकटन ते, मंग खरवडत बस!"

"माय, ते कापड होय, हे तेल होय."

"नाव तं एकच हाये ना? जे नकली ते नकली."

आता त्यांचंही चूक म्हणता येईना. आम्हाला तो शब्द कपड्याच्या दुकानातच भेटला होता. सिंथेटिक म्हणजे कापसाचं नाही ते, खोटं ते. आणि आम्ही तर कापूस पिकवणारी माणसं. तेव्हा आमच्याकडे इंजिनाचं तेल म्हणजे साधं, जमिनीतून निघतं ते, मधासारखं घट्ट. ते ह्यांनी आजवर इमानानं टाकलेलं. हे नवं तेल बोटावर घेऊन पाहिलं तर पातळ, पाण्यासारखं सरकणारं. मलाही मनातून ते काही खरं वाटेना.

डबा कोपऱ्यात पडून राहिला. पण त्या महिन्यात साध्या तेलाची टंचाई झाली. नेहमीच्या दुकानात सीलबंद डबाच मिळेना. पिंपातलं सुटं तेल मिळत होतं, पण त्यात काय मिसळलंय देव जाणे. इंजिनातलं जुनं तेल बदलायला झालेलं. वर वैशाखाचं ऊन. हिवाळ्याच्या शेवटी फुललेल्या आंबिया बहाराची फळं आवळ्याएवढी झाली होती. या दिवसांत झाडांना पाणी चुकलं की फळ थेट खाली. आठवडाभर इंजिन बंद राहिलं असतं तर वर्षाची बाग मातीत गेली असती. हे सगळं घरात कुणी कुणाला सांगायला नको होतं.

हे एका सकाळी गेले, जुनं तेल काढलं आणि निळ्या डब्यातलं भरून आले. बाईंना सांगितलं नाही. बाईंना कळलं मात्र, कारण त्यांनी रिकाम्या होत आलेल्या डब्याला हात लावून पाहिलाच.

पहिले काही दिवस इंजिन गोड चाललं. आवाजसुद्धा मऊ वाटत होता. मग एक दिवस हे दुपारी जेवायला आले ते हात न धुताच ओसरीवर बसले.

"काय झालं?" मी विचारलं.

"पट्टी काढून पाह्यली. तेल डांबरासारखं काळं झालं."

"इतक्या लवकर?"

"आन् खालीही गळून राहिलं. इंजिनाखालचा पूर्ण ओटा ओला."

पट्टी म्हणजे तेल किती आहे ते बघायची लोखंडी काडी. साधं तेल महिना-महिना बरं दिसायचं, हे आठवड्यातच काळं. आणि आमचं इंजिन म्हातारं असलं तरी इतकं कधी गळलं नव्हतं.

बाई आतून बाहेर आल्या. "वितळलं ना?" एवढंच म्हणाल्या.

हे परत विहिरीवर गेले आणि त्यांनी इंजिन बंद केलं. तो आवाज थांबला आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. हे जेवले नाहीत. सायकल काढली आणि महालातल्या मिस्त्रीला आणायला निघाले.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता. ती सकाळ कशी काढावी? मी अंगण सारवलं, तुरीची डाळ चाळली, चाळलेली पुन्हा चाळली. बाई मात्र मागच्या दारी काही तरी मांडत होत्या. जाऊन पाहते तर बाहेरच्या चुलीत नुसते निखारे ठेवलेले आणि त्यावर शेजारी शेजारी दोन जुनी कढली. फोडणी करायची लोखंडी कढली असतात ना, तीच. एकात जुन्या डब्याच्या तळातलं साधं तेल, एकात दुबईचं.

"बाई, हे काय करून राहिल्या?"

"पाहून राहिली. तळनाचं तेल आपन पारखतो का नाई? मंग हे काहून नाई पारखाचं? तू दूर सरक. काय नेसली वं? सुती ना?"

सुतीच नेसले होते. तरी दूर सरकले.

दोघी पाहत राहिलो. आधी साध्या तेलातून निळसर धूर निघाला आणि असा वास सुटला, की गोठ्यातली गाय शिंकली. दुबईचं तेल शांत. ते थोडं हललं, चकाकलं, बस. बाईंनी काडीनं ढवळून पाहिलं. चिकटलं नाही, आकसलं नाही, वितळायचा तर प्रश्नच नव्हता. धूर त्यालाही आला, पण बऱ्याच वेळानं.

बाईंनी चिमट्यानं कढली उतरवली आणि कपाळाला आठ्या घालून बसल्या. त्यांचं म्हणणं खोटं ठरलं होतं, पण त्याचं दुःख त्यांना झालेलं दिसेना. त्यांना दुसरंच कोडं पडलं होतं.

"चुलीवर टिकलं," त्या म्हणाल्या. "मंग तिकडे काहून गळून राहिलं?"

तेवढ्यात मिस्त्री आला. तो जाडजूड माणूस, गळ्यात रुमाल, आणि बोलणं असं की नागपुरातली अर्धी इंजिनं त्यानंच जन्माला घातली. "आपुन तो सडक से आवाज सुनके बीमारी बता देते," हे त्याचं ठरलेलं वाक्य. विहिरीवर गेलो सगळे. त्यानं पट्टी काढली, काळं तेल बोटावर घेतलं, हुंगलं आणि मान हलवली.

"खतम. पिस्टनच्या रिंगा गेल्या. धुराची काजळी तेलात उतरून राहिली. इंजिन शहरात न्या लागन."

"किती दिवस?" ह्यांनी विचारलं.

"सांगता येत नाई. लायनीत आधीच बहुत इंजिनं हाये."

हे धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसले. समोर झाडं. पानं दुपारची वळलेली, मधून ती हिरवी आवळ्याएवढी फळं डोकावत होती. मी त्यांच्याकडे पाहू की झाडांकडे पाहू, मला कळेना.

बाई मिस्त्रीजवळ गेल्या. "काहून गा, झाकन खोलून पाह्यलं काय तुवा?"

"माय, पाह्यची गरजच नाई."

"वैद बी नाडी पाह्यते. खोल पहिले, मंग मयत काढ."

मिस्त्री हसला, पण खोललं. इंजिनाच्या बाजूला एक झाकण असतं, त्यातून आत हात जातो. आदल्या वर्षी यानंच ते खोललं होतं तेव्हा आत काळ्या चिखलाचा थर होता, स्क्रू ड्रायव्हरनं खरवडून काढावा लागलेला. या वेळी त्यानं हात घातला, बाहेर काढला, हाताकडे पाहिलं. मग वाकून डोळाच लावला आत.

"अबे," शेवटी तो म्हणाला, "हे तं धुतल्यासारखं हाये! लोखंड दिसून राहिलं."

मग त्यानं हँडल धरून चाक फिरवून पाहिलं. हँडलनं त्याला असा उलटा झटका दिला, की तो दोन पावलं मागं. रिंगा गेलेल्या इंजिनात हवा दाबून राहत नाही, ते असा झटका देत नाही, हे मलाही ठाऊक होतं, कारण ह्यांचे हात त्या झटक्यानं किती वेळा चेपून दिले होते.

"रिंगा चांगल्या हाये," मिस्त्री पुटपुटला.

"मंग काळं काहून?" बाई.

"जुना मळ सुटून त्याच तेलात आला ना, माय. साधं तेल मळ आतच बसू देत होतं, म्हून वरून साफ दिसत होतं. हे बसू देत नाई."

"आन् गळते काहून?"

त्यानं चाकामागचं, तेल बाहेर येऊ न देणारं सील काढून दाखवलं. गोल रबराचं, पण रबर राहिलंच कुठं होतं? वाळल्या पापडासारखं कडक, जागोजागी तडकलेलं. इतकी वर्षं तो मळच तडे बुजवून बसला होता. मळ धुतला गेला, तशी वाट मोकळी झाली. त्यात हे तेल पातळ.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "दूध करपल्यावर भगोन्यात पानी टाकून ठेवतो, मंग ते पानी काळं होते, तसंच हे! तेल नाई पाठवलं वं माह्या पोरानं, भांडेवाली पाठवली!"

असं हसू फुटलं सगळ्यांना! ह्यांना तर हसताना ठसका लागला. मिस्त्रीसुद्धा हसला आणि म्हणाला, "मले आधीच वाटून राहिलं होतं."

"हो ना," बाई म्हणाल्या, "सडकेवरूनच आयकलं असशीन."

त्याच्या झोळीत नवं सील होतं. ते बसवलं. काळं तेल काढून टाकलं, डब्यात उरलेलं दुबईचं भरलं, कमी पडलं तेवढं मिस्त्रीनं स्वतःच्या सीलबंद डब्यातलं साधं घातलं. दोन्ही एकत्र चालेल का, म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, "चालते, पन पुढच्या वेळी लवकर बदला." ओटा पुसायला मी घाईत हाताला लागलं ते फडकं घेतलं, तर ते निघालं माझ्या गुलाबी साडीचंच. तेल काही टिपेना, नुसतं इकडचं तिकडे पसरवी. शेवटी बाईंनी आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा दिला. तेवढा एक मुद्दा त्यांनी जिंकला आणि पुढं बरीच वर्षं ऐकवला.

तसं तेल आम्हाला नागपुरात पुन्हा लवकर मिळालं नाही. साधंच टाकत राहिलो, फक्त आता वेळेवर बदलायचो आणि पट्टी काळी दिसली की घाबरायचो नाही. आज कुणी ट्रॅक्टरला हे टाकू की ते, असं विचारलं, तर मी म्हणते, इंजिन जुनं असेल तर आधी सील पाहा, मग तेलाचं नाव वाचा.

त्या दिवशी ह्यांनी हँडल मारलं. एकदा फुसकं गेलं, आणि मग टुक-टुक सुरू झालं. पाइपातून आधी हवा, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी. दांडानं, म्हणजे पाटानं, पाणी पळायला लागलं, पहिल्या झाडाच्या आळ्यात शिरलं आणि माती ते चर्र करून प्यायली. मी फडक्यात बांधून आणलेली भाकरी सोडली, ह्यांना हाक मारायला वळले, तर हे तिथंच झाडाखाली आडवे झालेले. तोंड उघडं, हात तेलाचे, गाढ झोप. इतका आवाज कानाशी चाललेला आणि माणूस झोपलेला.

मी उठवायला वाकले, तशी बाईंनी माझा हात धरला, बरोबर त्या डागावर.

"झोपू दे वं," त्या म्हणाल्या. "इंजिन चालून राहिलं ना."