हातांनी मागितलेलं ताक

कृष्णराव सोनवणे जुनी इंदूरच्या आमच्या घरात खालच्या खोलीत भाड्याने राहायचे. कापड मिलच्या लूम खात्यात ते पानीवाले होते, म्हणजे मागांवर उभ्या असलेल्या कामगारांना पाणी पाजायचं, हीच त्यांची नोकरी. ती त्यांनी बावीस वर्षं केली आणि तेवढ्या काळात दोन्ही कान जवळजवळ गमावले.

शेकडो माग एकदम चालू असले की तिथे कुणी कुणाला हाक मारत नसे. सगळं मागणं हातांनी. अंगठा ओठांकडे नेला की माठातलं साधं पाणी. बोटांची चिमूट तळहातावर चोळली की मीठ-लिंबाचं; मे महिन्यात पोटऱ्यांत गोळे यायचे तेव्हा तेच लागायचं. दोन बोटांची कातर केली की कट चहा. आणि दोन्ही तळहात रवी फिरवल्यासारखे एकमेकांवर घासले की ताक.

घरात मात्र पाण्याला नावं होती, आणि ती त्यांच्या बायकोने, सुमनकाकूंनी ठेवलेली. त्या नुसतं ‘पाणी’ कधी म्हणत नसत. नळाला एक दिवसाआड यायची ती ‘नर्मदा’. ती प्यायला आणि वरणाला. हातपंपाचं ते ‘वापरायचं’. माठात राहिलेलं कालचं ‘मचूळ’, ते तुळशीला. नवऱ्याला ऐकू येत नाही म्हणून त्या त्यांच्यासमोर उभ्या राहून नुसते ओठ हलवायच्या, आवाज न करता. ‘नर्मदा आली, भरा,’ एवढं म्हटलं की ते उठायचे. त्या खोलीतून कधी बोलण्याचा आवाज आला नाही, आणि तरी दोघं दिवसभर बोलत असत.

एकोणनव्वद साली सुमनकाकू काविळीने गेल्या. मुलगी बेबी लग्न होऊन खंडव्याला होती. कृष्णराव मिलमध्ये जास्तीची पाळी मागून घेऊ लागले. मग ब्याण्णवच्या हिवाळ्यात एका सकाळी ते कामावर गेले आणि तासाभरात परत आले. मिलच्या फाटकाला कुलूप होतं.

वर्षभराने त्यांना सांवेर रोडवर एका गोदामात चौकीदारी मिळाली. तिथे प्लास्टिकच्या बाटल्यांतली रंगीत पेयं साठवायचे. पोरं त्यांना ‘ठंडा’ म्हणायची, पाण्याच्या बाटलीला ‘मिनरल’. गोदामात बटण दाबलं की पाणी देणारा कूलर होता. मी तेव्हा नुकताच पोस्टात लागलो होतो. एकदा मी समोर उभं राहून विचारलं, “काका, काम जमतंय ना?”

“काम क्या, भिया, बसायचंच आहे,” ते म्हणाले. “पण तिथे तहानलेला माणूस दिसतच नाही. ज्याची त्याची बाटली.”

त्यांचा आवाज फार मोठा होता. स्वतःला ऐकू येत नाही, तर किती चढलाय ते कसं कळणार? लोकांना वाटायचं, म्हातारा खेकसतोय. हळूहळू त्यांनी बोलणंच कमी केलं. कधीकधी आठवडा जायचा आणि त्या खोलीतून स्टोव्हच्या पंपाखेरीज काही ऐकू यायचं नाही.

सत्त्याण्णव साली, संक्रांतीच्या सुमारास, मिलमधला एक जण बाजारात भेटला आणि त्यांच्या कानाशी ओरडून म्हणाला, “शंकररावांना लकवा मारला!” शंकरराव लूम खात्यातले जुने विणकर. मिल बंद झाल्यापासून दोघांची भेट नव्हती, आणि घर तर चार गल्ल्यांवर. कृष्णराव तसेच, भाजीची पिशवी हातात घेऊन तिकडे गेले. पुढचं मला शंकररावांच्या सुनेने, मंजिरीवहिनींनी सांगितलं.

शंकररावांचा उजवा हात आणि जीभ, दोन्ही गेली होती. वहिनी थकून गेल्या होत्या. “काका, पाणी दिलं की तोंड फिरवतात. चहा थुंकतात. आणि बघा ना, हे असं दिवसभर चादर घासत बसतात. डॉक्टर म्हणतात, दिमागावर असर झालाय.”

कृष्णरावांना त्यातलं निम्मंही ऐकू आलं नसेल. ते त्या हाताकडे बघत होते. डावा तळहात चादरीवर पुढे-मागे, पुढे-मागे चालला होता. बराच वेळ बघून ते खाली बसले आणि त्यांनी आपला तळहात शंकररावांच्या तळहाताखाली सरकवला. दोन हात एकमेकांवर घासले गेले.

“अरे, ताक मागतोय तो!” कृष्णराव एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या बायका धावत आल्या.

शंकररावांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. वहिनींनी दही घुसळलं, जरा दाटसरच ठेवलं. ते चमच्याने आठ-दहा घोट प्यायले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून.

त्यानंतर कृष्णराव रोज संध्याकाळी, ड्युटी सुटली की आधी तिकडे जायचे. वहिनींना त्यांनी सगळ्या खुणा शिकवल्या, आणि ज्यांना दोन हात लागतात त्या एका हाताने कशा ओळखायच्या तेही. पण वहिनींना स्वयंपाकघर होतं, मुलांची शाळा होती. तास-दोन तास त्या दोघांनाच बसायला मिळायचे. एक मुका, एक बहिरा. मिलमधल्या कुठल्या जॉबरची, म्हणजे मुकादमाची, नक्कल चालायची, कुणाच्या तोऱ्याची. मी एकदा डाकेचं पाकीट द्यायला गेलो होतो, तेव्हा दोघं हसत होते. कृष्णरावांना हसताना मी काकू गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

असे दहा महिने गेले. दिवाळीनंतर शंकररावांना ताप आला, आणि त्या तापात ते एक नवीनच खूण करू लागले. मूठ मिटायची, छातीवर ठेवायची, मग हळूच उघडायची. कृष्णरावांना ती माहीत नव्हती. त्यांनी ताक दिलं, पन्हं केलं, उसाचा रस आणला. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारातून इंदुरी, दुधाची शिकंजी आणली आणि बोटाने ओठाला लावली. प्रत्येक वेळी शंकरराव मान हलवायचे: नाही. चौथ्या दिवशी पहाटे ते गेले.

“पिण्याचं काही नसेलच ते, काका,” वहिनी म्हणाल्या. कृष्णरावांनी ते त्यांच्या ओठांवरून वाचलं.

तेराव्याला वहिनींनी त्यांना आग्रहाने सांगितलं, येत जा. ते दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी दारापर्यंत जाऊन परत आले. मी ओट्यावर होतो. मी हातानेच विचारलं, काय झालं?

“चांगली पोरगी आहे ती, भिया,” ते म्हणाले. त्या दिवशी त्यांचा आवाज कधी नव्हे तो खाली होता. “चहा पण देते. पण तिला तोंडाने बोलता येतं ना.”

पुढे सहा वर्षं ते सांवेर रोडला जात राहिले. मग बेबी त्यांना न्यायला आली. सामान एक ट्रंक आणि एक गादी, एवढंच होतं. खंडव्याच्या बसमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळाली. बस हलली तेव्हा बेबी त्यांना काहीतरी सांगत होती, आणि ते तिच्या ओठांकडे न बघताच मान डोलावत होते.