नागपूरपर्यंतच्या दशम्या

“अरे, डबा उघड जल्दी! चाकं उचलली त्यानं!”

आई अशी ओरडली, की खाली चिकलठाण्याच्या विमानतळाशेजारी बांधलेल्या म्हशींनी माना वर केल्या असतील. विमानातल्या माणसांनी तर केल्याच.

आमच्या आईला किलोमीटर कळत नाहीत, दशम्या कळतात. जालन्याहून बदनापूर म्हणजे अर्धी दशमी, जाफराबाद म्हणजे दीड, आणि नागपूर म्हणजे डबा भरून वर एक पुडकं. शिवाय तिचा कायदा असा, की लेक बाळंत होणार असताना वाटेची शिदोरी उरवून तिच्याकडं जायचं न्हाई. उरली की बाळंतपण अडतं. बहीण त्याच सकाळी नागपुरात दवाखान्यात भरती झाल्ती. मी धावपळ करून विमानाची तिकिटं काढली, आणि आईनं नेहमीच्या मापानं दशम्या थापल्या.

बरं, नागपूर आमच्या उगवतीला आणि विमानतळ मावळतीला. बदनापूर आलं तसा मी डब्याला हात घातला, तर तिनं फटका मारला. “नागपूर पुढं अन् आपण मागं चाललो. उलट्या वाटेचं खाल्लेलं धरत न्हाईत!”

म्हणून सगळा डबा शाबूत घेऊन आम्ही आकाशात. आणि तेव्हा कुठं मी तिला सांगितलं, की तासाभरात उतरायचंय.

“तासाभरात? मंग ह्या कोण खाईल?”

मी खाल्ल्या. देवाशपथ, बुलढाण्यावर असतानाच माझ्या पट्ट्याचा काटा कुरकुरायला लागला. शेजारी आमच्या जालन्याचेच एक शेठजी होते, लोखंडाचे व्यापारी. त्यांनी चटणीकडं बोट दाखवून विचारलं, “लसूण?” आई म्हणाली, “भरपूर.” शेठजींनी हात जोडले आणि नुसत्या दशम्या घेतल्या, एक-दोन नव्हे, चार! मागच्या रांगेपर्यंत दशम्या हातोहात गेल्या. वजन पुढून मागं सरकल्यामुळं विमानाचं नाक वर झालं, असं मी आजही छातीठोक सांगतो.

विमान खाली यायला लागलं, तेव्हा डब्यात एकच उरलेली. मला ढेकरही देता येईना. पट्टे तपासायला हवाई सुंदरी आली, तशी आईनं तिचं मनगट धरलं. “एवढी घे गं बाई. माझी लेक अडून राह्यलीय.”

ती पोर हसली नाही. तिथंच उभ्यानं अर्धी खाल्ली आणि उरलेली हातात घेऊन पडद्याआड पळाली.

उतरल्या उतरल्या फोन चालू केला, तर दाजी पलीकडून ओरडतायत, “मुलगी झाली! दोघी बराबर आहेत! डॉक्टर तर म्हणत होते संध्याकाळ होईल!”

मी धावपट्टीवर नाचायचाच बाकी होतो. “आई, झालं! मुलगी झाली! तू आभाळात असतानाच झाली गं!”

आई पदरानं डबा पुसत होती. “व्हणारच,” ती म्हणाली. “संपला न्हाई का डबा.”