झाडांखालची आमची माणसं

“ओ बाई, उठा. हितं डबा खायाचा न्हाय. बाग हाय ही.”

आई खात नव्हती. करंजाच्या बुंध्याशी तिनं भाकरी ठेवली होती, वर लसणाचा खर्डा. त्या करंजाखाली माझा बाप आहे. पुरलेला.

बोलणारे गृहस्थ पलीकडच्या नव्या बंगल्यांच्या लेआउटमधल्या रहिवाशांचे अध्यक्ष. पांढरे बूट, हातात कुत्र्याचा पट्टा. कुत्र्यानं भाकरीला नाक लावलं. अध्यक्षांनी पट्टा खसकन ओढला.

“शी! तोंड लावू नको. पोट बिघडंल.”

कुत्र्याला म्हणाले.

आईनं भाकरी पदरात गोळा केली. “चुकलं अण्णा,” म्हणाली. तो तिच्या पोराच्या वयाचा. पोर शेजारीच उभं होतं. मी.

आता मी कोण, तर बसचा कंडक्टर. निपाणीच्या स्टँडवर ‘बेळगाव, बेळगाव’ ओरडलो की तिकडं बेळगावात माणसं वळून बघतात. थापा अशा मारतो की स्तवनिधीच्या घाटात ड्रायव्हर गाडी बाजूला घेऊन आधी हसून घेतो. माझा बाप, आप्पा, तंबाखूच्या वखारीत हमाल होता. तो एकदा असा शिंकला की वखारीचे पत्रे उडून कोल्हापुरात पडले आणि तिथल्या एका गरिबाचं घर फुकटात शाकारून झालं. ही गोष्ट ऐकायला लोक पुढच्या स्टॉपपर्यंतचं तिकीट काढतात.

त्या सकाळी ह्या तोंडातून एक शब्द निघाला नाही. आईला घेऊन गेटाबाहेर आलो. मागं कुत्रं भुंकत होतं. तेवढंच बोललं कोण तरी.

गावचं स्मशान ओढ्याकाठी. तिथं आम्हाला बंदी. आमच्या वाट्याला हा माळ आला, पहार मारली तर ठिणगी उडणारा. जाळायला लाकूड कुठलं, म्हणून पुरायचं. खुणेला दगड ठेवला तर कुणीतरी उचलून आपल्या बांधाला लावायचा. मग आमच्या म्हाताऱ्यांनी रीत पाडली. माणूस गेलं की उशाला झाड लावायचं, करंज नाहीतर कडुनिंब. कडू पाला, ढोरं तोंड लावत नाहीत. बायका घरच्या प्यायच्या पाण्यातनं घागर काढून त्या झाडांना घालायच्या. अशी झाडी माजली की दुपारचा सूर्य वाट चुकून आमच्या वस्तीत चौकशीला यायचा.

मग ग्रामपंचायत जाऊन पट्टण पंचायत, म्हणजे नगरपंचायत, आली. सरकारी जागांची वाटणी सुरू झाली. हे गायरान, हा रस्ता, हे स्मशान. मोजणीवाले माळावर आले. दगड दिसला नाही, चौथरा दिसला नाही. गार सावली दिसली. त्यांनी तिथंच बसून जेवण केलं आणि जागा ठरवली: उद्यान. मग कंपाउंड, गेट, फिरायला फरशीचा रस्ता. आणि पुरायला बंदी.

आमच्या दुःखाला सावली आली, हा आमचा गुन्हा.

आई आता जास्त करून अंथरुणातच असते. एकच मागणं आहे तिचं. “मला तुज्या आप्पाजवळ ठेव रं. लांब नको.”

उद्यान पक्कं करण्याआधी हरकती ऐकायला पंचायतीनं बैठक ठेवली. मी वस्तीतलं प्रत्येक दार वाजवलं. आमच्यातला एक इंजिनियर बेळगावात, अनगोळला बंगला बांधून राहतो, त्याचा बाप माझ्या आप्पाच्या शेजारच्या निंबाखाली आहे. त्याच्याकडंही गेलतो. चहा दिला त्यानं. म्हणाला, “हितं आम्ही कोण ते कुणाला ठावं न्हाय. मला ह्यात वडू नको.”

बाकीचे सगळे म्हणाले, “येतो की रं.”

बैठकीला लेआउटवाले बायकापोरांसकट. आमच्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग, आणि त्यात मी. दाराकडं किती वेळा बघितलं असेन. पंखा फिरत होता, खुर्च्या रिकाम्याच.

“बोला,” मुख्याधिकारी म्हणाले.

“साहेब, तितल्या प्रत्येक झाडाखाली आमचं माणूस हाय.”

मागून माझ्या रोजच्या गाडीतला एक प्रवासी ओरडला, “साहेब, ह्याच्याच बापाच्या शिंकेनं पत्रे उडालते! इचारा की!”

हॉल फुटला. पोरंसुद्धा हसली. माझीच गोष्ट माझ्या अंगावर सोडली. साहेबांनीही चष्मा काढून डोळे पुसले.

“बिड्री, मिटवा आता,” ते मला म्हणाले. “तुमच्या वडिलांच्या नावानं एक बाक बसवू. सिमेंटचा.”

“बाकाला आमची हरकत न्हाय,” अध्यक्ष म्हणाले. टाळ्या पडल्या.

म्हणजे माझ्या बापाच्या छातीवर बाक, आणि त्यावर हे बसणार.

मी आवाज चढवला नाही. मला हळू बोलता येतं हे मलाच त्या दिवशी कळलं.

“बाक नको. एक झाड निवडा. कुटलंबी. आणि खणा. हाडं न्हाय निगाली तर नोकरी सोडून गेटावर पहारा देतो. निगाली तर त्या जागेला स्मशान म्हणा.”

पुढच्या रांगेतल्या एका बाईनं जमिनीवरचे पाय खुर्चीवर घेतले.

मुख्याधिकाऱ्यांनी घसा साफ केला. “तसं खणता येत न्हाय. उद्यान हाय ते.”

घरी आलो. आई जागीच होती. “काय म्हणाले?”

थाप तयार होती. साहेब उठून उभे राहिले, सगळा हॉल रडला, पंखासुद्धा थांबला. ओठावर आलती. गिळली.

“न्हाय म्हणाले.”

“मग रं?”

“मग मी खणणार.”

तिनं कोपर टेकून मान उचलली. “एकटाच?”

“व्हय.”

“करंजाच्या मुळाला जप,” म्हणाली आणि कूस बदलली.

जागा मी बघून ठेवली आहे. आप्पाच्या उजव्या अंगाला. आई गेली की तिला दिवसाउजेडी गेटातूनच नेणार, लेआउटवाल्यांच्या फिरायच्या वेळेला. खांद्याला कोण आलं तर आलं. नेमक्या त्या जागेवर फरशी बसवली आहे. काढावी लागेल. काढीन.